कुलूप शाबूत, पत्ता उघडा

प्रवासवर्णनात तारखा हव्यात. या लेखात त्या नाहीत आणि माणसांची नावंही खरी नाहीत. का, ते पुढं कळेलच. गावं मात्र खरी ठेवली आहेत, कारण जिच्यासाठी हा प्रवास झाला ती आता यांतल्या कुठल्याच गावात राहत नाही, आणि "लिहा की, वाचू देत लोकांना" असं तिनंच मला सांगितलंय.

मी चिपळूणची. लहान संस्थांमध्ये जाऊन फोन आणि मेल जपून कसे वापरावेत ते शिकवते. साताऱ्याच्या निर्मलाताईंचं बोलावणं आलं तेव्हा वाटलं होतं, दोन दिवस शिकवू, कंदी पेढे घेऊ आणि परत येऊ. प्रत्यक्षात जतपर्यंत गेले, एका माळवदावर चढून बसले आणि येताना भडंगाच्या पुड्या घेऊन आले.

सातारा

कुंभार्ली घाट चढून एसटी पलीकडं उतरली की हवेतला दमटपणा एकदम गळून पडतो. आमच्याकडं घरं झाडांत दडलेली असतात, शेजाऱ्याचं छप्परसुद्धा दिसत नाही. इकडं कराड ओलांडलं की उसाचे फड, त्यांत उघडी घरं आणि दारात बसलेली माणसं. प्रत्येकाला प्रत्येकाचं दार दिसतं.

निर्मलाताई स्टँडवर आल्या होत्या. साठीच्या वकीलबाई, कडक इस्त्रीची साडी, हातात नावनिशी लावलेली फाइल. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी त्या एक छोटं केंद्र चालवतात. घरी नेऊन त्यांनी आधी पिठलं-भाकरी वाढली, नंतर विषय काढला.

"तू मागं सांगितलंस तसं सगळं केलंय मी. निरोपांचं ॲप कुलूपबंद. मेलचा मजकूरही कुलूपबंद, ज्याच्याकडं किल्ली त्यालाच वाचता येतो. तरी दोनदा त्या माणसाला कळलं."

तो माणूस म्हणजे रेखाचा नवरा. रेखा तीसेक वर्षांची, कोरेगावजवळच्या एका गावात दिलेली. मारहाणीला कंटाळून ती केंद्रात आली. साताऱ्यात राहणं धोक्याचं म्हणून तिला म्हसवडला हलवायचं ठरलं, तर नवरा आणि दीर म्हसवडच्या स्टँडवर आधीच हजर. पुढं सांगलीत एका दवाखान्यात नोकरीची मुलाखत होती, तर दीर दवाखान्याबाहेर चहा पीत उभा. दोन्ही वेळा ती थोडक्यात निसटली. आता ती जत तालुक्यात तिच्या मावशीकडं होती.

"दोन्ही बेत तिघींनाच ठाऊक होते," ताई म्हणाल्या. "मला, रेखाला आणि शैलाला. मी कुणाला बोलले नाही. रेखा कशाला बोलेल? मग राहिलं कोण?"

शैला म्हणजे केंद्राची गावोगाव फिरणारी कार्यकर्ती. ताईंबरोबर बरीच वर्षं काम करत होती.

"तिच्याशी बोललात?"

"काय बोलू? पुरावा नाही. तू तिच्याबरोबर जतला जा. रेखाचा फोन तपास, आणि..." ताई ताटातल्या चटणीकडं बघत राहिल्या. "शैलाकडंही जरा लक्ष ठेव."

मी फोन तपासायला आले होते, माणूस नव्हे.

दुसऱ्या दिवशी केंद्रात वर्ग घेतला. सगळ्यांचा एकच प्रश्न: मजकूर कुलूपबंद असल्यावर भीती कसली? मी म्हटलं, "पारावर बसलेल्या माणसाला घरातलं बोलणं ऐकू येत नाही. पण कोण कुणाच्या घरी गेलं, कधी गेलं, किती वेळ बसलं, हे दिसतं ना? त्यावरून तो काय काय सांगतो?"

"लगीन ठरल्यापासून मोडल्यापतोर सगळं," मागून आवाज आला. पहिल्यांदा शैला दिसली ती अशी. चाळिशीची, ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू आणि हातात गाडीची किल्ली.

याच माहितीला आमच्या धंद्यात मेटाडेटा म्हणतात. शब्द जड, गोष्ट साधी. मी आशाताई नावाच्या कार्यकर्तीची परवानगी घेऊन तिच्या फोनवरची कॉलची यादी बघितली. एकही निरोप वाचला नाही. एक मंगल कार्यालय, एक सराफ, एक गुरुजी, आणि पुण्याच्या एकाच नंबरवर रोज लांबलचक बोलणं.

"आशाताई, मुलीचं जमलं वाटतं. पेढे कुठंत?"

आशाताईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्या इतक्या हसल्या की शेजारच्या दुकानातून माणूस बघायला आला. निरोपांमधल्या खिडक्या कशा बंद करायच्या ते सगळ्यांनी करून बघितलं: शेवटचं कधी फोनवर होतो ते लपवणं, फोटो पाठवण्याआधी त्यातली जागेची खूण काढणं, बोलताना आपला ठावठिकाणा समोरच्याला कळू न देणारं बटण. मेलकडं वळणार तोच वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाही. "मेलचं राहू दे," ताई म्हणाल्या. "तेवढं एक तरी माझं चोख आहे."

कोरेगाव, म्हसवड

शैलाचा नवरा फौजेत, सीमेवर. त्यानं सुट्टीत घेतलेली जुनी छोटी गाडी तीच चालवते. सकाळी मला पुढं बसवलं, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवला आणि म्हणाली, "हात बसू द्यायचा न्हाई. खात ऱ्हावा."

जिच्यावर पाळत ठेवायची तिच्याच हातचे लाडू खायचे, म्हणजे अवघड काम. लाडू चांगले होते, त्यामुळं आणखीच अवघड.

कोरेगावच्या बाजारात घेवड्याची पोती लागली होती. मला तो घ्यायचा होता, पण शैलानं डोक्यावरून पदर ओढला आणि गाडी थांबवली नाही. "हितं नगं, बाई. त्येची माणसं बाजारात आसत्यात. घेवडा मी तुमास्नी पाठवून दीन." गाव मागं पडेपर्यंत तिची नजर आरशावर होती. तो चेहरा मी चोरून बघितला. भीती होती त्यावर, आणि ती स्वतःसाठी नव्हती, एवढं मला तरी वाटलं.

पुढं माणदेश सुरू झाला. ऊस सरला आणि माळ लागला: बाभळी, दगड, लांबवर एखादी पवनचक्की. आमच्याकडं चार महिने पाऊस आवरत नाही. इथं शैला आभाळाकडं बघून म्हणाली, "ह्येला आमचा पत्ताच ठावं न्हाई." मग एका वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला आणि गाडी बंद पडली ती पुन्हा चालू होईना. मेंढपाळानं आणि त्याच्या बायकोनं मागून ढकलली. ढकलता ढकलता त्यांनी मला विचारलं: कुठल्या, कुणाकडं निघाला, मालक काय करतात, पोरं किती.

मी अडखळले. शैला गाडीतून ओरडली, "पाव्हण्या हायत माज्या! देवाला चाललोय!" गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "आवं, हितं इचारलं तर कायतरी सांगायचं. गप बसला की मानूस जास्त इचार करतो." आमच्याकडं उलटं. कुणी काही विचारत नाही, सगळे पडद्याआडून बघतात.

म्हसवडला तिच्या माहेरी मुक्काम. जाताना सिद्धनाथाच्या देवळात गेलो. पायऱ्यांवर गुलाल सांडलेला होता, दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. शैलानं डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलं?

"रेखासाटी. ह्याच गावात तिला धरली आस्ती. स्टँडवर त्ये दोघं दिसलं आन्‌ मी गाडी थांबवलीच न्हाई. तिचं डोस्कं दाबून खाली बसवली हुती. तवापासनं झोप लागत न्हाई मला. सांगितलं कुनी आसंल?"

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. मी नजर वळवून चपला शोधू लागले.

जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज. माशाच्या कालवणावर वाढलेल्या मला ते गरम माडगं घशाखाली उतरताच इतकं आवडलं की तिसऱ्यांदा मागितलं. शैलाच्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि "खा गं लेकी, लय वाळलीयास" म्हणाली. आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायचं काही कारणही नाही.

जत

आटपाडी, नागज करत जतकडं निघालो. पाट्यांवर मराठीखाली कानडी दिसू लागलं. मावशीचं गाव मुख्य रस्त्यापासून आत. दारात पाण्याच्या टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली.

मावशी उंच, काळीसावळी, नाकात मोठी नथणी. "ऊट आय्ता?" तिनं विचारलं. जेवलात का, असं शैलानं समजावलं. मावशीनं तांब्या दिला. मी थोडं पाणी प्यायले आणि घरच्या सवयीनं उरलेलं अंगणात ओतलं.

मावशीनं ओल्या मातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग रांगेत ठेवलेलं तुळशीचं डबडं उचलून त्या ओल्या जागेवर ठेवलं आणि खदखदून हसली. "ऱ्हाऊ दे. तुळशीला मिळालं." मी इतकी ओशाळले की पुढं दिवसभर तांब्या तळापर्यंत पीत होते.

रेखा आतून आली. मला रडवेली बाई दिसेल असं वाटलं होतं. ही हातातल्या पिठासकट आली आणि पहिला प्रश्न केला, "ताई, माझं काय चुकतंय ते आधी सांगा. मी इथंनं पण पळायचं का?"

गावात रेंज फक्त माळवदावर. शिडीनं वर गेलो. मातीचं सपाट छप्पर, कडेला वाळत घातलेल्या मिरच्या, चारी बाजूंनी मोकळा माळ. फोन तपासला. नवा फोन, नवं सिम, रेखानं सगळं नीट केलं होतं. ॲपमध्ये काही गडबड नाही. मग मेल उघडला.

"हा पत्ता जुनाच का?"

"व्हय. नोकरीचे अर्ज, बँक, सगळं त्याच्यावर आहे. पण ताईंचा मजकूर कुलूपबंद असतो ना. माझ्या फोनशिवाय उघडत नाही."

ते खरं होतं. ताईंचा प्रत्येक मेल उघडल्यावर आत किल्लीशिवाय नुसती अक्षरांची खिचडी. पण बाहेर, यादीत, मेलच्या विषयाची ओळ लख्ख दिसत होती. वकीलबाईंची शिस्त ती. विषयाशिवाय मेल पाठवणं म्हणजे नावाशिवाय अर्ज करणं, असं त्या सगळ्यांना सांगतात. मी ओळी वाचत गेले.

"म्हसवडला हलवणे, बुधवार."

"सांगली मुलाखत, सोमवार सकाळ."

आणि सगळ्यांत वर, आम्ही साताऱ्याहून निघालो त्या सकाळचा: "जत भेट, गुरुवार दुपार."

मिरच्यांच्या वासानं असेल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुलूप शाबूत होतं. कुणीही ते उघडलं नव्हतं. उघडायची गरजच पडली नव्हती.

"पण माझा मेल त्याला दिसेल कसा?" रेखा म्हणाली.

मेलच्या खात्यात कुठल्या कुठल्या यंत्रांवर ते उघडं आहे, हे दाखवणारं एक पान असतं. ते काढलं. एक तिचा फोन. दुसरं एक टॅबलेट, आज सकाळीच वापरलेलं.

रेखानं फोन माझ्या हातातून घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली. "काच फुटली होती त्याची. बंदच पडलं होतं. मी तिथंच सोडलं."

"त्येनं दुरुस्त करून घेतलंय," शैला म्हणाली.

मी शैलाकडं बघितलं. तिनं काही केलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं, आणि दोन दिवस तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होते तिची शरमही. पण ते बोलायला वेळ नव्हता.

"गुरुवार दुपार म्हंजी आजच की," शैला म्हणाली. "आन्‌ मावशी हितली हाय, ह्ये त्येला म्हाईत हाय?"

"मावशी जतकडची एवढं माहीत आहे. गाव विचारत येईल," रेखा म्हणाली.

मी खातं लगेच बंद करायला निघाले, तर शैलानं हात धरला. "थांबा. आदी त्येला येक मेल टाका. इशय लिवा, 'रेखा दिल्लीला, कायमची.' बसू दे फिरत!" रेखा त्या अवस्थेतही हसली. खरं सांगते, मलाही मोह झाला. पण ताईंना फोन लावला तर त्या एका दमात म्हणाल्या, "काही टाकू नका. त्या पानाचे फोटो काढा, तारीख-वेळेसकट. बाईचं खातं चोरून बघणं गुन्हा आहे. मला कोर्टात दाखवायचंय." मग त्यांनीच विचारलं, "विषय मी लिहिले होते ना गं?"

"हो, ताई."

त्यांनी फोन ठेवला.

फोटो काढले, टॅबलेट खात्यातून बाहेर घालवलं, पासवर्ड बदलला, फोनवर येणाऱ्या आकड्याची दुसरी खात्री लावली. तेवढ्यात मावशीनं रेखाची पिशवी भरून गाडीत टाकली होती. वर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं. "तू चल आमच्याबरोबर," असं रेखा मावशीला म्हणाली, तर मावशीनं टँकरकडं बोट दाखवलं. पाणी सोडून ती कुठं जाणार?

आम्ही मिरजेच्या अलीकडं असताना मावशीचा फोन आला. शैलानं गाडी कडेला घेतली आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आलं हुतं दोघं फटफटीवर," मावशी सांगू लागली. "त्यो दीर आन्‌ आनिक येक कोन. मला कवा बघितलंय त्येनं? मी म्हराटी बोललेच न्हाई. त्यो रेखा म्हनला की मी कानडीत जेवान झालं का इचारायची. त्यो नाव इचारतोय, मी जेवान इचारतीया. शेजारच्याबी समद्या कानडीच बोलाय लागल्या. शेवटी ताक पाजलं आन्‌ इजापूरचा रस्ता दावला."

"गेलं?"

"गेलं की! ताक लय आवडलं म्हनलं."

शैलानं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. मग रेखाला हसू फुटलं, मग मला, आणि मध्येच रेखाचं हसू कधी रडणं झालं ते आम्हाला कळलंच नाही. शैलानं तिला जवळ घेतलं. रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या बागेशेजारी आम्ही बराच वेळ तशाच बसलो.

सांगली

रेखाची सोय सांगलीत एका ओळखीच्या घरी केली, आणि ती कळवायला विषयाची ओळ नव्हती. सकाळी आम्ही तिला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेलो. गणपतीचं दर्शन झालं, मग भडंगाच्या पुड्या, वर चिरलेला कांदा. दोन दिवस माळ बघितल्यावर एवढं संथ, भरलेलं पाणी बघून मलाच घरची आठवण आली. रेखा पाण्यात पाय सोडून बसली होती. मागं वळून बघायची तिची सवय अजून गेली नव्हती, पण दोन बघण्यांच्या मध्ये ती मूठभर भडंग खात होती.

आम्ही तिथंच तिचा नवा मेल पत्ता काढला. त्यात तिचं नाव नाही, जन्मसाल नाही. तो फक्त ताईंसाठी. मी नियम सांगितले: मजकुराला कुलूप असलं तरी पाकीट सगळ्यांना दिसतं, कुणी, कुणाला, कधी. म्हणून विषयात कधीच काही लिहायचं नाही. महत्त्वाचा बेत मेलवर नकोच, आपोआप पुसले जाणारे निरोप वापरायचे. आईशी बोलायचं ते ॲपवरून, तेही रोज ठरल्या वेळी नाही.

"म्हणजे आईशी बोलता येईल?" रेखानं विचारलं. बाकीचं तिनं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे.

तिच्या आईच्या फोनवर कॉलची यादी रेखाचा नवरा येऊन तपासायचा, म्हणून कित्येक महिने मायलेकी बोलल्या नव्हत्या. आशाताईंनी साताऱ्याहून आदल्या दिवशी कोरेगावात तिच्या माहेरी जाऊन आईच्या फोनवर ॲप बसवून दिलं होतं. तिथल्या पारावर त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. रेखानं फोन लावला. पलीकडून "आगं, जेवलीस का?" एवढं ऐकू आलं आणि आम्ही दोघी उठून चार पायऱ्या खाली गेलो.

दुपारच्या एसटीनं निर्मलाताई आल्या. साडीची इस्त्री मोडलेली होती. त्यांना तसं मी प्रथमच बघितलं. आधी त्यांनी रेखाला जवळ घेतलं. कोर्टात अर्ज लावलाय, त्या पानाचे फोटो फार उपयोगाचे आहेत, असं सांगितलं. (पुढं तसंच झालं. कोर्टानं नवऱ्याला तिच्याजवळ फिरकायला मनाई केली. रेखाला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, ती कुठं ते मलाही ठाऊक नाही आणि मी विचारत नाही.) मग ताई घाटाच्या पायरीवर शैलासमोर उभ्या राहिल्या.

"शैला, चूक माझी होती आणि मी संशय तुझ्यावर घेतला. हिलाही तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. शैला पुडीतल्या तळाचे दाणे वेचत होती.

"ठावं हुतं मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? ताई, तुमी सकाळी उठल्यापासनं मला फोन करायचा. शैला, निघालीस का. शैला, पोचलीस का. शैला, जेवलीस का. म्हसवडचं झालं आन्‌ तुमचा फोन बंद. मग काम आसलं की नुसता येक निरोप." तिनं हात झटकले. "तुमच्या मनात काय हुतं, त्ये ऐकावं लागलं न्हाई."

मी शिकवायला गेले होते आणि जे शिकवत होते तेच ही बाई इतके दिवस सोसत होती.

"मग म्हणालीस का नाहीस?" ताईंनी विचारलं.

"म्या म्हनलं, छडा लागू दे. म्हनून तर ह्या बाईंना जतला मी नेते, आसं मीच तुमास्नी म्हनलं हुतं." मग तिनं ताईंच्या हातात भडंगाची नवी पुडी ठेवली. "खावा. उपाशी आलाय."

ताई तिथंच पायरीवर बसल्या आणि दोघी एकाच पुडीतून खाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ताई एसटीनं साताऱ्याला परतल्या आणि शैला मला कराडपर्यंत सोडायला निघाली, तिथून चिपळूणची एसटी होती. सांगली मागं पडते न पडते तोच तिचा फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. इस्लामपूर येईपर्यंत तिसऱ्यांदा. डॅशबोर्डवर ताईंचं नाव उजळत होतं.

"अहो, उचला की!" मी म्हटलं.

शैलानं पदरानं तोंड पुसलं आणि गालात हसत गाडी दामटली.

"वाजू द्या जरा," ती म्हणाली. "लय दिसानं वाजतोय."